ज्या बंबानं आग विझली

वेशीनाका, रत्नागिरी
१२ जानेवारी १९८६

ती. आनंदीआक्कास,
भिकाजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

कळवायचं एवढंच की तुझा भाऊ चित्रकार झाला. हसू नको. मालन वाचून दाखवत असेल तर तिलाही सांग, हसू नको.

आपल्या नाक्यावरच्या आगनिवारण मंडळाची चिऱ्याची नवी इमारत उभी राहिली. इमारत म्हणजे काय, खाली बंबाची गाडी आणि वर गंगाराम ड्रायव्हरला झोपायला माळा. लोक तिला बंबखाना बोलतात. अध्यक्ष अर्थात अण्णा वखारवाले. आगीची धास्ती सगळ्यात जास्त त्यांनाच, लाकडं त्यांची ना! तर रस्त्याकडच्या भिंतीवर मोठं चित्र हवं असं ठरलं. सभेत अण्णा टेबलावर मूठ आपटून बोलले, "ज्या बंबानं नाक्यावरची आग विझली, तोच बंब मला भिंतीवर दिसला पाहिजे!" टाळ्या पडल्या. काम मला मिळालं, कारण कोल्हापूरचा पेंटर यायला तयार झाला नाही.

आता माझी कला तुला ठाऊक आहे. ट्रकच्या पाट्या, 'येथे थुंकू नये', आणि निवडणूक आली की दोन्ही पक्षांच्या भिंती. अक्षर माझं मोत्यासारखं, ते वैरीसुद्धा मान्य करतात. पण माणूस काढायचा झाला की माझी बोंब. त्यातून हात! हात मला जन्मात जमले नाहीत. बाजारातल्या शिंप्याच्या पाटीवर मी शिंपी काढला, तो दोन्ही हात खिशात घालून उभा. गिऱ्हाईकं विचारतात, हा शिवतो कधी? वाण्याच्या लक्ष्मीचे चारही हात मी कमळांमागे लपवले. वाणी बोलला, "लक्ष्मी कुठाय रे, हे तर तळं झालं." पाय मात्र मला झकास जमतात. पण पायाला विचारतो कोण?

तर मला तुझी मदत हवी. दोन वर्षांमागं आग लागली त्या दिवशी मी देवरुखात पाटी रंगवत होतो. परत आलो तोवर सगळं आटपलं होतं आणि तुला इस्पितळात नेलं होतं. तू तिथं होतीस. गाडी कुठल्या बाजूनं आली, गंगारामनं पाइप कसा धरला, सगळं कळव. न्हाणीतला बंब वाचवायला धावलीस आणि हात भाजून घेतलेस, त्या गडबडीत दुसरं काही बघितलं असशील तर! रागावू नको, नाक्यावर लोक बोलतात तेच लिहिलं. तांब्याचा मोह वाईट, त्यातून भावोजींनी मुंबईहून बोटीनं आणलेला बंब. चेपलाय, पण माझ्या पडवीत जपून ठेवलाय.

मुंबईला लेकाकडे गेल्यावर हात बरे झाले हे तू मागंच कळवलंस. मग पत्रं मालनच्या अक्षरात का येतात? चष्मा लागला असेल. लाजू नको, मलाही लागलाय.

तुझा
भिकाजी

~

भांडुप, मुंबई
२४ जानेवारी १९८६

चि. भिकाजीस,
आनंदीबाईचे अनेक आशीर्वाद.

तू चित्रकार झालास हे ऐकून रघू चहा पिता पिता ठसकला. लहानपणी तू भिंतीवर मारुती काढलास आणि आईनं माकड समजून शेणानं सारवून टाकला, ते मी त्याला सांगितलं. तसं आईचं फारसं चुकलं नव्हतं म्हणा.

आगीचं काय सांगायचं? पेंढ्याची उडवी पेटली. माणसं ओरडली. गाडी चालू होईना म्हणून ढकलत आणली. गंगारामनं पाणी मारलं. विझली. गाडीच काढ, लाल रंग भरपूर लाव म्हणजे अण्णा खूश. तांब्याला हपापलेल्या म्हातारीला त्यात घालू नको. हो, हपापलेलीच. नाक्यावरचे लोक बोलतात ना? मग असेल. एवढे लोक खोटं कशाला बोलतील?

चष्मा-बिष्मा काही लागला नाही. मला लिहायचा कंटाळा. सून आयती मिळाली आहे, घेते राबवून. आणि तो पडवीतला बंब मोडीत घाल. मला त्याचं तोंड बघायचं नाही.

थंडीत अंगाला तेल लाव. तुझ्या गुडघ्यांचं तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे दुखत असणार.

आक्का

~

भांडुप, मुंबई
३ फेब्रुवारी १९८६

ती. मामांस,
मालनचा नमस्कार.

हे पत्र आईंना न सांगता लिहितेय. मागच्या पत्रात त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, पण लिहिताना माझा जीव कसा होत होता ते मलाच ठाऊक.

कंटाळा नाही हो, मामा. त्यांना पेन धरता येत नाही. जखमा भरल्या, पण बोटं आत वळली. डॉक्टर सांगतात, हात कामात ठेवा, बोटं रोज उघडा, नाहीतर मूठ मिटेल ती मिटेलच. पण या ऐकतील तर शपथ. दिवसभर दोन्ही हात पदराखाली घेऊन बसतात. शेजारीण आली की माझ्याकडे बघतात, म्हणजे चहाचा कप मी द्यायचा. मी बोलले, "आई, भाकरी थापायला बसा, हात मोकळे होतील. माझी भाकरी बघा, नकाशा होतो तव्यावर." तर बोलल्या, "नकाशा परवडला गो. माझ्या हातची भाकरी बघून रघूची भूक मरेल."

तुमचं पत्र वाचलं त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मोहाचं लिहिलंत ना, ते लागलं. आम्हालाही आजवर तसंच वाटत होतं. पण मी धीर करून विचारलं, तेव्हा एवढंच बोलल्या, "वाचवायचा असता तर पाणी ओतून रिकामा नेला नसता? भरलेला बंब कोण घेऊन पळतं गो?" पुढं काही केल्या बोलेनात.

मामा, तुम्ही तिथं आहात. कुणाला तरी विचारून बघा ना.

तुमची
मालन

~

वेशीनाका, रत्नागिरी
२५ फेब्रुवारी १९८६

ती. आक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार.

आधी माझी फजिती ऐक, मग माझ्यावर रागाव.

तू लिहिलंस तशी गाडी काढली. नंबरप्लेट अशी उतरली की आरटीओनं सलाम ठोकावा. बाकी गाडी लाल, लांबलचक, खिडक्या असलेली. पुढं गंगाराम उभा केला. त्याचे हात दिसायला नकोत म्हणून त्याच्या गळ्यात एक पिशवी अडकवली आणि हात तिच्यात घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पालीचा एक म्हातारा गाठोडं घेऊन भिंतीजवळ उभा. मला विचारतो, "पालीची कधी सुटणार?" मी बोललो, "बाबा, ही एसटी नव्हे, आगीचा बंब आहे." तो बोलला, "मग कंडक्टर कशाला काढलास?"

ही गोष्ट अण्णांच्या कानावर गेली. त्यांनी उभ्या उभ्या चुना आणवला आणि भिंत माझ्याकडूनच पुसून घेतली.

मी पुसत होतो आणि समोरच्या दगडी गडग्यावर बसून तुझी शेजारीण तुळसा हसत होती. बोलली, "बरं झालं पुसलीस ती गाडी. ती आली तेव्हा विझवायला उरलं होतं काय? तिनं माझे वाळत घातलेले पापड तेवढे विझवले." मी बोललो, "मग आग कुणी विझवली?"

"बंबानं."

"अगो, पण तूच बोललीस ना, गाडी उशिरा..."

"गाडीचं कोण बोलतंय? आनंदीवहिनीच्या बंबानं! न्हाणीतल्या!"

आक्का, मी चुन्याच्या बादलीत पाय घालून उभा राहिलो. खरोखरीच घातला, अजून भेगा पडल्यात. मी विचारलं, "तुळसे, दोन वर्षं बोलली का नाहीस?" तर बोलली, "मला विचारलं कुणी? सभेला सगळे बापये."

मग गंगारामला गाठला. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. बोलला, "मी पोचलो तेव्हा नुसता धूर होता, मी धुरावर पाणी मारलं. मंडळानं सत्काराची शाल दिली, घेतली. ती मी गाडीच्या बॅटरीवर पांघरतो. थंडीत तेवढीच बरी चालू होते." गंगाराम माणूस वाईट नाही गो.

वाईट मी. तांब्याचा मोह, हे मी तुला लिहिलं, आणि तेही मोत्यासारख्या अक्षरात. अक्षर चांगलं असलं की गाढवपणासुद्धा लांबून वाचता येतो. मला क्षमा कर, आक्का. नाक्यावरच्या माणसांनी बोलावं ते बोलावं, पाठच्या भावानं तरी आधी तुला विचारायला हवं होतं.

आता मी तुझाच बंब काढणार. अण्णांनी भर सभेत सांगितलंय, ज्या बंबानं आग विझली तोच. मी त्यांच्या शब्दाबाहेर नाही! पडवीतला बंब पुढ्यात घेऊन बसलोय. नळी, झाकण, कड्या, तोटी, पोटाला आलेला पोचा, सगळं जमतंय. अडलंय ते हातांपाशी. तू तो धरलास कुठं? कड्या तर एवढ्याएवढ्याशा. नीट सांग. आणि हात कसे आहेत तेही खरं सांग.

तुझा
भिकाजी

~

भांडुप, मुंबई
९ मार्च १९८६

चि. भिकाजीस आशीर्वाद.

मालन फितूर झाली हे माझ्या ध्यानात आलं. मी तिच्याशी बोलत नाही. हेही तिच्याकडूनच लिहून घेतेय, बघ माझा रुबाब.

तुळशी बोललीच शेवटी? मग ऐक. मे महिना. विहिरीत चिखल, नळाला वारा. माझ्या घरी पाव्हणे यायचे होते म्हणून बंब काठोकाठ भरून पेटवलेला. आणि उडवी पेटली ती नेमकी तुळशीच्या गोठ्याला लागून. आत तिचं वासरू दाव्याला. सगळे गाडीच्या नावानं ओरडत होते, गाडी ढकलणारे आणखी माणसं मागत होते. मी आधी तांब्यानं पाणी मारलं. तांब्यानं उडवी विझते होय! पण सुचतंय कुणाला? मग कड्या धरल्या, त्या तापलेल्या, सुटल्या. मग बंबाच्या पोटालाच दोन्ही बाजूंनी तळवे लावले आणि कवटाळून ओढत नेला. शिमग्याला तुझ्या भावोजींना अंगणातून घरात आणायचे, तसा. देवमाणूस होते, पण शिमग्याला नव्हते.

नेला आणि उलथला. कढत पाण्यानं आग विझेल का, हा विचार मला आता इथं बसून सुचतो. वाफ अशी उठली की मला वाटलं, आनंदीबाई, पोचलीस तू वर. एवढ्यात पलीकडून किंकाळी आली, म्हणून कळलं की अजून नाक्यावरच आहे. पलीकडे अण्णा उभे होते, गाडीची वाट बघत. पाणी त्यांच्या पायावर गेलं. म्हणजे एक विझवलं आणि एक पेटवलं. ते निखाऱ्यावर पाय पडल्याचं सांगत फिरले, मी गप्प बसले. काय सांगणार होते? अध्यक्षांचे पाय शिजवले म्हणून मलाही शाल द्या?

मग लोक मोहाचं बोलायला लागले. आधी राग आला. पुढं पुढं मलाच वाटायला लागलं की असेल बाबा. बंब मला आवडत होताच. ह्यांच्या मागं तेवढंच उरलं होतं. भिकाजी, तू लिहिलंस तेव्हा मात्र वाईट वाटलं. आता नाही वाटत. तुझा पाय चुन्यात गेला, फिटंफाट झाली.

वासरू आता दूध देतं का रे? तुळशी सांगत नाही कधी.

आता शेवटचं. बंब काढ, बाजूला म्हातारी काढलीस तरी चालेल, तसाही चेहरा ओळखू येणार नाही. पण हात काढू नको. ते बघण्यासारखे राहिले नाहीत. रघूच्या लग्नात भिंतीवर हळदीचे हात उमटवायला सुवासिनी पुढं झाल्या, मी विधवा म्हणून मागं उभी राहिले. तेव्हा हात चांगले होते, तरी भिंतीला लागले नाहीत. आता कसले लागतात? पदराखाली बरे आहेत.

मालन लिहायची थांबून नाक पुसतेय. शाई फिसकटली तर समजून घे.

आक्का

~

वेशीनाका, रत्नागिरी
२८ मार्च १९८६

ती. आक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार.

वासराची गाय झाली. तिचंच दूध घालून केलेला चहा पीत पीत हे लिहितोय.

चित्र झालं. मधोमध तुझा बंब, माणसाएवढा. तांब्याचा रंग साधायला मी पिवळ्यात काय काय मिसळलं ते विचारू नको. एका कोपऱ्यात गाडी आणि तिला ढकलणारी माणसं. दुसऱ्या कोपऱ्यात वासरू, त्याच्या पायाशी तुळसा दावं सोडताना. सगळं काढलं, आणि हाताशी येऊन बसलो. तू नको बोललीस, पण हात नसलेली माणसं गाडी ढकलणार कशी? शेवटी तुळसेचे हात काढले. ती आली, चष्म्यावाचून बघितलं आणि बोलली, "दाव्याला केळी कशाला बांधलीस?"

मी बोललो, "हात आहेत ते तुझे."

मग तिचं डोकं फिरलं. "माझे? मेल्या, हात असा असतो!" बोलली आणि माझ्या रंगाच्या डब्यात पंजा बुडवून फाडकन भिंतीवर मारला. केळ्यांवरच. आक्का, मी बघतच राहिलो. रेषा, बोटं, कापल्याची खूण, सगळं हुबेहूब. मी जन्मभर ज्यासाठी झुरलो, ते बाईनं रागाच्या भरात केलं!

मग गंगारामला बोलावला. त्याचे दोन पंजे गाडीच्या मागच्या बाजूला. जे जे त्या दिवशी ढकलायला होते, ते ते रांग लावून आले. ज्यांनी ढकलली नव्हती तेही आले, त्यांना मी हाकलून दिलं. आता भिंतीवर गाडी ढकलणारे एवढे हात झालेत की ती चढ चढून थेट पालीला जाईल.

आणि मग अण्णा आले. अण्णा बघतात, बघतात आणि ओरडतात, "हा कसला बंब? मी आगीचा सांगितला होता, हा तर अंघोळीचा!" मी हात जोडून बोललो, "अण्णा, तुम्हीच बोललात, ज्या बंबानं आग विझली तोच." ते आणखी काही बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. बंबातून वाहणाऱ्या पाण्याच्या टोकाला मी दोन पाय काढलेत. नुसते पाय, वर माणूस नाही. पण पाय मला झकास जमतात, आणि अण्णांचा तो वाकडा अंगठा अख्ख्या नाक्याला माहीत आहे.

मला वाटलं, आता चुना मागवणार. तर हळूच बोलले, "चपला काढ त्यात. अनवाणी बरं दिसत नाही." मग जायला वळले, परत फिरले आणि विचारलं, "आनंदीबाईंचे हात कसे आहेत?" मी माझीच बोटं आत वळवून दाखवली. मग अण्णांनी सदऱ्याची बाही वर केली आणि आपला पंजा उमटवला, गाडी ढकलणाऱ्यांत, सगळ्यात मागं. त्यांना मात्र मी हाकललं नाही.

पाडव्याला उद्घाटन आहे. बंबाच्या पोटावर दोन्ही बाजूंना मी दोन जागा कोऱ्या ठेवल्यात, तू सांगितलंस बरोबर तिथं. कुणाला बोट लावू देत नाही. तू नाही आलीस तर त्या तशाच राहतील, पण मग तो बंब आपोआप चालत आल्यासारखा दिसतो, आणि लोक पुन्हा मलाच हसतील. तुला भावाची एवढी तरी दया येऊ दे.

लग्नाच्या भिंतीचं मनात आणू नको. ते हळदीचे हात होते. हा ऑइल पेंट आहे आक्का, ह्याला सुवासिनी-विधवा लागत नाही, नुसतं टर्पेंटाइन लागतं.

ये गो.

तुझा
भिकाजी

~

भांडुप
५ एप्रिल

भिकाजी,

हे मी लिहिलंय. पेन मुठीत धरून. मालन शेजारी बसली आहे, तिला हात लावू दिला नाही. तुझं मोत्याचं अक्षर, माझे हे मुरमुरे.

तुझं पत्र आल्यापासून भाकऱ्या थापतेय. माझ्याही नकाशेच होतात. रघू दोन्ही देश खातो.

पाडव्याला येते. एसटीनं. खऱ्या, तुझ्या नव्हे. मालनही येतेय. तुळशीला सांग, चहा मी करणार, तिनं नुसतं दूध आणायचं.

जागा राख. बोटं पुरती उघडत नाहीत अजून, ठसा वाकडा येईल.

तरी तुझ्या केळ्यांपेक्षा बरा येईल.

आक्का